‘कशावरून?’ हा प्रश्न मुलांना शिकवा

“इतिहासाचा अभ्यास झाला का रे?”

“झाला. दोन धडे पाठ केले.”

परीक्षा जवळ आली की हा संवाद आपल्या घराघरांतून ऐकू येतो. गणिताचा अभ्यास झाला म्हणजे गणिते सोडवली, विज्ञानाचा झाला म्हणजे आकृती काढली, प्रयोग समजून घेतला. इतिहासाचा अभ्यास झाला म्हणजे मात्र पाठ केले! आईवडिलांनाही त्यात काही वावगे वाटत नाही, कारण आपणही तसेच शिकलो. सन, सनावळी, लढाया, तह आणि कारणे पाच, परिणाम पाच. पेपर झाला की सगळे विसरायला मोकळे.

वाचक बंधू-भगिनींनो, या सदरातून आम्ही मुलांच्या शिक्षणाविषयी वेळोवेळी लिहीत आलो आहोत. आज आठवी ते दहावीच्या मुलांना इतिहास कसा शिकवावा, याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. शिक्षकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. वर्गात पन्नास-साठ मुले, अभ्यासक्रम संपवायची घाई आणि शिकवण्याशिवायची शंभर कामे. या ओझ्याखाली शिक्षकाने किती करावे? जे शाळेत होत नाही ते घरात आणि विहारात करता येईल का, हा आमचा प्रश्न आहे.

इतिहास हा विषय एका शब्दावर उभा आहे. तो शब्द म्हणजे ‘कशावरून?’ अमुक राजा अमुक काळी होऊन गेला. कशावरून? हे लेणे बौद्धांचे आहे. कशावरून? आपले पूर्वज इथेच राहत होते. कशावरून? या प्रश्नाचे उत्तर शोधणे म्हणजे इतिहास. बाकीची झाली गोष्ट. गोष्ट ऐकायला गोड असते, पण ती कोणीही कशीही सांगू शकतो. कित्येक लेण्यांविषयी ‘ही पांडवांनी एका रात्रीत कोरली’ असे सांगणारे लोक गावोगावी भेटतात. ज्या मुलाला ‘कशावरून?’ विचारायला शिकवले नाही, ते मूल मान डोलावून पुढे जाते.

बोरीवलीकरांचे भाग्य असे की, हा प्रश्न शिकवायला लागणारी शाळा त्यांच्या दारात आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दारातून आत सहा-सात किलोमीटर गेले की कान्हेरीचा डोंगर लागतो. शंभराहून अधिक लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे इथे भिक्खूंचा वावर होता. शाळेच्या सहली तिथे जातात, आपली कुटुंबेही जातात. पण डबा खाल्ला, मोठ्या चैत्यापुढे फोटो काढला, माकडांना हुसकावले आणि परत आलो, असेच बहुधा होते. ज्या भिंतींवर अक्षरे कोरली आहेत त्या भिंतींना टेकून आपण पाणी पितो आणि ती अक्षरे काय म्हणतात ते विचारत नाही.

ती अक्षरे ब्राह्मी लिपीतील आहेत. ही लिपी लोक शेकडो वर्षे विसरून गेले होते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली. त्यानंतर कान्हेरीचे लेख वाचण्याचे काम अनेकांनी केले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते केले, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या शिलालेखांवरचा आपला ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध केला. आपल्या मुलींना हे नाव मुद्दाम सांगावे.

आता हे लेख काय सांगतात ते पाहू. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. सोपाऱ्याच्या एका मणिकाराचे, म्हणजे रत्ने-मणी घडविणाऱ्याचे, नाव आहे. भिक्षुणींची नावे आहेत, व्यापाऱ्यांची आहेत. आणि कल्याणच्या एका लोहाराने वाट दान दिली, असाही एक लेख आहे. लोहाराचे नाव ‘नद’ असे कोरले आहे. त्या काळी प्राकृत लिहिताना अनुस्वार पुष्कळदा गाळत, म्हणून अभ्यासक ते नाव ‘नंद’ असे वाचतात. भाता फुंकणारा, घण मारणारा माणूस. डोंगर चढून येणाऱ्यांचे पाय ठेचकाळू नयेत म्हणून त्याने वाट करून दिली आणि त्याचे नाव दगडावर राहिले.

आपल्या मुलांना इतिहास म्हणजे राजांची यादी असे वाटते. राजाशिवाय कोणी काही केलेच नाही, असा त्यांचा समज होतो. मग मूल मनातल्या मनात विचारते, यात आमचे कोण? त्या मुलाला लोहाराचा लेख दाखवा. हात राबवणाऱ्या माणसांनीही इतिहास घडविला आणि त्याचा लेखी पुरावा आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, हे कळले की त्याची मान ताठ होते. ही ताठ मान फुकाच्या अभिमानाची नव्हे, तिच्या पाठीशी पुरावा उभा आहे.

त्याच डोंगरावर पाण्याच्या एका टाक्यापाशी दुसरा एक लेख आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख आहे. टाके देणाऱ्या अमात्याचे नाव सतेरक. राणी कार्दमक राजवंशातली, महाक्षत्रपाची कन्या, असे लेख सांगतो. कोणत्या महाक्षत्रपाची? इथे दगड झिजला आहे. ‘रु’ एवढेच अक्षर उरले आहे. पुढचे गेले.

मुलांना इथेच थांबवावे आणि विचारावे, आता काय करायचे? एका अक्षरावरून माणूस कसा ओळखायचा? मुले डोके खाजवतील. खाजवू द्यावे. मग त्यांना सांगावे की, गुजरातेत जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी एका खडकावर रुद्रदामन या महाक्षत्रपाचा मोठा लेख आहे. त्यात शक ७२ हे वर्ष आले आहे, म्हणजे इसवी सन १५०. रुद्रदामन हा कार्दमक घराण्यातला. त्या लेखात तो म्हणतो की, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही. नाते! एका दगडावर ‘रु’ आहे, शेकडो कोस दूरच्या दुसऱ्या दगडावर ‘नाते’ आहे. दोन्ही दगड एकमेकांची साक्ष देतात आणि अभ्यासक अनुमान काढतात की, राणी रुद्रदामनची कन्या असावी. जुनागढच्या लेखातला सातकर्णी नेमका कोणता, यावर मात्र विद्वानांत मतभेद आहेत.

ही ‘असावी’ फार मोलाची आहे. पाठांतरात ‘असावी’ला जागा नसते, तिथे सगळे ‘होती’ असते. इतिहासात जे दिसते ते एका बाजूला ठेवायचे, जे वाटते ते दुसऱ्या बाजूला, आणि कोणते कोणते आहे ते प्रामाणिकपणे सांगायचे.

बाबासाहेबांनी हेच केले. अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध त्यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात घेतला. हा विषय असा की, सलग लेखी पुरावा मिळत नाही. साखळीच्या कड्या जागोजागी तुटलेल्या. इतिहासकाराने अशा ठिकाणी हात जोडून बसावे काय? प्रस्तावनेत त्यांनी हाच प्रश्न हाती घेतला. तुटलेली कडी अनुमानाने जोडण्याचा हक्क इतिहासकाराला आहे, असे त्यांनी मांडले. पण आपला निष्कर्ष हा शेवटचा शब्द आहे, असा दावा त्यांनी केला नाही. वाचकाने तो तपासून पाहावा, अशीच त्यांची भूमिका होती. आपण बाबासाहेबांचे ग्रंथ कपाटात मानाने ठेवतो. मुलांनी त्यातली ही पद्धत उचलली तर तो खरा मान.

कान्हेरीच्या आणखी एका लेखात कल्याणच्या उपासकाने लेणे दिल्याची, अक्षयनिधी ठेवल्याची आणि ‘मंगलथान’ इथले शेत दिल्याची नोंद आहे. ठेवीतून आणि शेतातून भिक्खूंच्या गरजा भागाव्यात, ही योजना. हे मंगलथान म्हणजे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. कशावरून? नावाच्या सारखेपणावरून, कान्हेरीच्या जवळिकीवरून आणि मागाठाण्यातही बौद्ध लेणी आहेत त्यावरून. बोरीवलीच्या मुलाला मागाठाणे म्हणजे बसचा डेपो ठाऊक आहे. २०२२ पासून तिथे मेट्रोचे स्थानकही झाले. हे नाव अठराशे वर्षांपूर्वी दगडावर कोरले गेले असावे, हे कोणी सांगितले तर ते मूल मेट्रोच्या पाटीकडे वेगळ्या नजरेने पाहील.

पण मागाठाण्याची लेणी पाहायला गेलात तर मन खिन्न होते. कोरीव कामाच्या शैलीवरून ती साधारण सहाव्या शतकातली मानतात. आज ती घरांच्या दाटीत सापडली आहेत, झिजली आहेत, काही भाग मातीत गेला आहे. इथे आम्ही कोणा गरिबाच्या झोपडीकडे बोट दाखवत नाही. डोक्यावर छप्पर नसलेला माणूस जागा मिळेल तिथे राहतो. मुलांना एवढेच समजावे की, दगडसुद्धा कायमचा नसतो. जो पुरावा सांभाळला नाही तो जातो, आणि पुरावा गेला की आपल्या बोलण्याला आधार राहत नाही. राणीच्या पित्याचे नाव ‘रु’पाशी तुटले. मागाठाण्यात याहून किती गेले असेल?

आता तिसरे ठिकाण. बोरीवली पश्चिमेला आयसी कॉलनीजवळ मंडपेश्वरचे लेणे आहे. या ठिकाणाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. लेणे म्हटले की ते आपलेच, असे आपल्यातले काही बंधू ठासून सांगतात. मंडपेश्वरला स्तूप नाही. भिंतींवर नटराज आहे, शिवविवाहाचे शिल्प आहे. म्हणून ते शैव लेणे. सोळाव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगीजांनी त्याचे चर्च केले. वरच्या बाजूला त्यांच्या इमारतीचे भग्नावशेष आजही उभे आहेत, आत भिंतीवर कोरलेला क्रूस दिसतो. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि पोर्तुगीजांची सत्ता गेली. एकाच दगडाच्या पोटात इतक्या जणांच्या खुणा आहेत. मुलाने तिथे उभे राहून कोणावर चिडायचे नाही की कोणाचा जयजयकार करायचा नाही. कोण, केव्हा, कशावरून, एवढे विचारायचे.

कान्हेरीला ‘कशावरून?’ विचारले की उत्तर आपल्या मनासारखे येते. मंडपेश्वरला ते येत नाही. म्हणून काय प्रश्न विचारायचाच नाही? जो प्रश्न आपण दुसऱ्याला विचारतो तो स्वतःलाही विचारता आला पाहिजे. आज मोबाईलवर रोज काहीबाही येते. अमुक देवस्थान मुळात विहारच होते, तमुक राजा मुळात अमक्याच धर्माचा होता. यातले काही खरे असते, काही अजून सिद्ध व्हायचे असते आणि काही निव्वळ थाप असते. मजकुराखाली ‘जय भीम’ लिहिले आहे म्हणून तो खरा ठरत नाही, आणि विरोधकाने लिहिला म्हणून खोटाही ठरत नाही. आपला मुलगा थाप पुढे पाठवू लागला, तर उद्या तो खरे बोलेल तेव्हाही लोक हसतील. ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी शेकडो वर्षे दडपला, त्या समाजाला खोटा पुरावा परवडत नाही. आपल्याजवळ खऱ्याचीच ताकद आहे, ती आपण वाया का घालवावी?

हे सगळे दूरचे वाटत असेल तर इतिहासाची सुरुवात घरातून करावी. सुटीच्या दिवशी मुलाला वही घेऊन आजीपुढे बसवावे. आजीला सन सांगता येत नाहीत. ती म्हणते, “मोठा संप झाला ना गिरण्यांचा, त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही इकडं राहायला आलो.” मुलाने शोधावे, गिरणी कामगारांचा तो संप कधी सुरू झाला? १८ जानेवारी १९८२. म्हणजे कुटुंब १९८३ च्या सुमारास आले. कशावरून? आजीच्या आठवणीवरून. आणखी काही आधार आहे का? मग पत्र्याची पेटी उघडावी. जुने रेशनकार्ड, आजोबांचा गिरणीचा पास, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, भाड्याच्या पावत्या. कागद आणि आठवण जुळते का ते पाहावे. जुळली नाही तर आजीला खोटे पाडू नये. आठवण का सरकली असेल, याचा विचार करावा. जुनागढचा दगड कान्हेरीच्या दगडाला जसा जोडला, तसाच हा कागद आजीच्या शब्दाला जोडायचा. पद्धत तीच.

अशा कामात घरातल्या बायकांचा इतिहासही पुढे येतो. कागदांवर बहुतेक पुरुषांचीच नावे असतात. आजीने डोक्यावरून पाणी किती लांबून आणले, वस्तीत पहिला नळ कधी आला, पहिली मुलगी मॅट्रिक कधी झाली, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. आज विचारले नाही तर उद्या सांगायला कोणी उरणार नाही. मागाठाण्याच्या झिजलेल्या दगडाची गत आपल्या आजीच्या आठवणींची होऊ देऊ नये.

“हे सर्व ठीक आहे, पण मार्कांचे काय?” असे पालक विचारतील. विचारणे बरोबरच आहे. दहावीचे मार्क आपल्या मुलांसाठी चैन नाही, पुढच्या शिक्षणाचे दार त्यावरच उघडते. म्हणून पाठांतर सोडा, असे आम्ही म्हणत नाही. सन लक्षात ठेवावेच लागतात. पण बोर्डाच्या पेपरात ‘सकारण स्पष्ट करा’ असाही प्रश्न येतो आणि तिथे घोकलेले मूल अडते. ज्याला कारण शोधायची सवय आहे ते चार ओळी स्वतःच्या लिहिते. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच मुळी इतिहास कसा लिहिला जातो या धड्यांनी होते. पुढे ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनावरही धडा आहे. म्हणजे पुस्तकाने वाट दाखवली आहे. आपण ती सोडून अपेक्षित प्रश्नसंचाच्या मागे धावतो.

विहारातल्या कार्यकर्त्यांनी आणि महिला मंडळांनी मनावर घेतले तर पुढील गोष्टी फारशा खर्चाविना होतील.

पहिली गोष्ट, कान्हेरीला जाण्याआधी दोन रविवार मुलांना ब्राह्मीची थोडी अक्षरे शिकवावीत. सगळी नकोत. ‘देयधम’ हा शब्द दानलेखांत पुन्हा पुन्हा येतो, त्याचा अर्थ धर्मासाठी दिलेले दान. दे, य, ध, म ही चार अक्षरे ओळखता आली तरी मूल भिंतीवर ती शोधू लागते. पहिले अक्षर सापडल्यावर त्याच्या तोंडावरचा आनंद पाहावा. ‘लेण’ हा शब्दही दाखवावा. आपण आजही ‘लेणे’च म्हणतो.

दुसरी, प्रत्येक मुलाच्या वहीत पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे ‘दिसले’, उजवीकडे ‘वाटले’. टाके दिसले. पावसाचे पाणी साठवीत असतील असे वाटले. दगडी बाक दिसला. भिक्खू यावर निजत असतील असे वाटले. परतल्यावर उजवीकडच्या एकेका ओळीला ‘कशावरून?’ विचारावे. टिकेल ते ठेवावे.

तिसरी, गणिताशी सांगड घालावी. कान्हेरीत राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळचा शक ७९९ चा लेख आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, ८७७. मुलांनीच मिळवावेत. तिथेच एका लेण्यात पहलवी लिपीत कोरलेली नावे आहेत. ती १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांची. त्यांनी कोरले म्हणून आपणही नाव कोरावे काय, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून त्यांच्यात चर्चा घडवून आणावी. दगडावर खिळ्याने बदाम काढणारा हात मग आपोआप थांबेल.

चौथी, नववी-दहावीच्या मुलांनी वस्तीतल्या पाच वृद्धांच्या आठवणी लिहून काढाव्यात आणि विहारात वाचून दाखवाव्यात. जे वृद्ध ते ऐकायला बसतील त्यांना चूक दुरुस्त करू द्यावी.

उद्यानाचा सुटीचा वार आधी विचारून घ्यावा, पावसाळ्यात निसरड्या पायऱ्यांवर लहानग्यांचा हात धरावा आणि डब्याचा कागद परत घरी आणावा. बाकी तयारी काही लागत नाही.

मूल ‘कशावरून?’ विचारू लागले की आईबापांची थोडी पंचाईत होईल, हेही सांगून ठेवतो. ते शिक्षकाला विचारेल, पुढाऱ्याला विचारेल, विहारात बोलणाऱ्या पाहुण्यांना विचारेल आणि जेवताना आपल्यालाही विचारेल. तेव्हा “गप्प बस, मोठ्यांना उलट बोलू नये” असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. माहीत असेल तर सांगावे, नसेल तर “चल, दोघे मिळून शोधू” म्हणावे. ज्यांना पिढ्यान् पिढ्या प्रश्न विचारायची बंदी होती, त्यांच्या नातवंडांनी जेवणाच्या ताटावर प्रश्न विचारावा, यापरते दुसरे समाधान कोणते?